पंधरा घरे, चार नळ

जळात शीतळता होऊन आणि विजेत दाह होऊन एकटाच नांदणाऱ्या परमेश्वरा, तुला नमन असो. तू निर्मिलेल्या प्रत्येक वस्तूला तू मर्यादा दिलीस. सागराला किनारा दिलास, दिवसाला सांज दिलीस, आणि तारेला तिच्या जाडीइतकेच बळ दिलेस. ती मर्यादा ओळखणे हीच ज्याची नित्यपूजा होती आणि त्या पूजेपायी ज्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टोमणे झेलले, त्या एका साध्या माणसाची ही कथा तुझ्या चरणी ठेवलेली आहे. सान नदीकाठच्या सानोक गावात, एका पाचमजली इमारतीच्या तिसऱ्या जिन्यात राहणारा, सोसायटीचा वीजमिस्त्री लुद्विक श्पाक, हे त्याचे नाव.

वय एकसष्ट. बोटे जाड, आवाज त्याहून जाड. सदऱ्याच्या डाव्या खिशात मरियमातेचे पदक आणि उजव्या खिशात टेस्टर. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकतानाही टेस्टर खिशातच असे. बायको रेगिना म्हणे, "तो देवाला तरी कशाला दाखवतोस?" लुद्विक म्हणे, "देवाला ठाऊक आहे. माणसांनाच दाखवावं लागतं."

माणसांना दाखवून द्यायची वेळ त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आली. धुराड्यांची तपासणी करणारा माणूस वर्षातून एकदा येई, शिडी लावी, काजळी काढी आणि जाई. त्या वर्षी तो गेला नाही. लोकांनी थंडीला अडवायला जुन्या लाकडी खिडक्या काढून घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या खिडक्या लावल्या होत्या. घरात हवा येईना, म्हणून गॅसच्या गिझरचा धूर वर जायचा सोडून न्हाणीघरात परतू लागला होता. असला धूर वास न देता माणसाला झोपेतच नेतो. त्या माणसाने एका दिवसात पंधराच्या पंधरा गिझरांना तार बांधली आणि तारेला शिशाचे सील ठोकले.

सोसायटीने ठराव केला, की प्रत्येक घरात विजेचा गिझर बसवावा. टाकी नसलेला, वाहते पाणी वाहता वाहताच तापवणारा, पंधरा किलोवॅटचा. डिसेंबर लागला तेव्हा पंधरा भिंतींवर पंधरा पांढरी खोकी विराजमान झाली होती, घराघरात तीन फेजच्या नव्या तारा खेळल्या होत्या. तळमजल्याच्या पेटीतून या सगळ्यांना वीज पुरवणारी मुख्य केबल तेवढी जुनीच राहिली, आणि तिचे रक्षण करणारे तीन फ्यूजही जुन्याच मापाचे राहिले. आता एकच कागद उरला होता. त्यावर लुद्विकने सही करून शिक्का मारला, की गरम पाणी सुरू. सही नाही तोवर शेगडीवरची पातेली.

लुद्विक सही करीना.

सोसायटीच्या कचेरीत त्याच्यासमोर इंजिनिअर ओल्गिएर्द बसला होता. तरुण, शहरातून आलेला, हुशार, आणि मनाने वाईट मुळीच नव्हे.

"पंधरा घरं, पंधरा किलोवॅट," लुद्विक म्हणाला. "सव्वादोनशे होतात, इंजिनिअरसाहेब. केबल पेलते एकोणसत्तर."

"मिस्त्री, सगळी घरं एकदम अंघोळ करतात का कधी? म्हणून तर तक्ता असतो. एकाच वेळी किती वापर होईल, त्याचा गुणांक. पंधरा घरांना शून्य पूर्णांक अठ्ठावीस. सव्वादोनशेचे अठ्ठावीस टक्के किती?"

"त्रेसष्ट."

"एकोणसत्तरात त्रेसष्ट बसतात ना?"

"तक्त्यात बसतात."

"मग अडलंय कुठं?"

"माशात अडलंय, साहेब."

ओल्गिएर्दने चष्मा काढला. लुद्विक सांगू लागला, आणि सांगताना त्याच्याच कानाला ते वेड्यासारखे ऐकू येऊ लागले. नाताळच्या दोन दिवस आधी या जिन्यातले प्रत्येक घर बाजारातून जिवंत कार्प मासा आणते. मासा राहतो कुठे? न्हाणीघराच्या टबात. चिखलाचा वास जावा म्हणून तिथे तो दोन दिवस पोहतो. तेवढे दोन दिवस माणूस कसाबसा तोंडावर पाणी मारून निभावतो. चोवीस तारखेच्या सकाळी मासा टबातून निघतो. मग टब घासायचा, मग घरादाराने न्हायचे, कोरे कपडे घालायचे, आणि आकाशात पहिला तारा दिसला की दिवसभराचा उपास सोडायला बसायचे. तारा चारच्या सुमारास दिसतो. म्हणजे दोन ते चार.

"तेव्हा तुमचा अठ्ठावीस टक्के कुठं राहील, साहेब? मासा निघेपर्यंत माणूस टबात शिरणार कसा? आणि तारा निघाल्यावर शिरून काय करणार?"

"आम्ही तर तुकडे केलेला मासाच दुकानातून आणतो," ओल्गिएर्द सौम्यपणे म्हणाला.

"तुमच्या घरी शॉवर असेल."

"आहे."

"तेच म्हणतोय मी."

इंजिनिअर खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, "मिस्त्री, हिशोबात मासा कुठल्या रकान्यात लिहू, ते सांगा. केबल बदलायची म्हणजे रस्ता खणायचा. माशासाठी मला कोण मंजुरी देईल?"

बरोबर असूनही निरुत्तर होणे हे फार जिव्हारी लागते. चुकलेल्याला निदान माफी मागता येते. बरोबर असलेल्याने काय मागावे? तो जिना चढला आणि पेन्सिलीने पुन्हा तोच हिशोब मांडत बसला. चार गिझर, साठ किलोवॅट. उरलेले नऊ दिव्यांना, फ्रिजांना, केकच्या भट्ट्यांना. पाचवा नळ उघडला की तोल गेला. त्याने सात वेळा मांडले. आकडे हे विरक्त साधूंसारखे असतात. कितीही विनवा, बोल बदलत नाहीत.

तळमजल्यावर, मुख्य पेटीला लागूनच लेओकादियाबाईंचे दार होते. वय एकोणऐंशी, एकट्या, जीभ तिखट. लुद्विक लहान असताना शाळेत त्यांच्याच हातची छडी खायचा, म्हणून त्या त्याला अजून अरे-तुरे करीत. ऑक्टोबरपासून त्या शेगडीवर पाणी तापवून, सांधे धरलेल्या हातांनी पातेले उचलून न्हाणीघरात नेत होत्या.

"काय रे, केली का सही?"

"नाही, बाई."

"पाढे तर तुला मीच शिकवले. तेव्हाही तू आठाच्या पाढ्यात अडायचास."

"पाढे बरोबर आहेत, बाई. केबल बारीक आहे."

"माझं मनगटही बारीकच आहे. ते पातेलं उचलतंय ना?"

डिसेंबरच्या दहा तारखेला ते मनगट वळले. पातेले निसटले आणि उकळते पाणी त्यांच्या उजव्या पावलावर सांडले. लुद्विक पोचला तेव्हा पावलाला पांढरी पट्टी होती आणि त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही. तेच त्याला सोसवेना.

तो तडक कचेरीत गेला. सही केली, शिक्का मारला, आणि शिक्क्याखाली स्वच्छ अक्षरात लिहिले: 'या जिन्यात एका वेळी चारपेक्षा अधिक गिझर चालवू नयेत. चोवीस डिसेंबर, दुपारी दोन ते चार, विशेष धोका.' ओल्गिएर्दने ते वाचले, मान हलवली आणि कागद फायलीत लावला. त्याच संध्याकाळी पंधरा घरांत धो धो गरम पाणी आले. लोक धन्य झाले. "इतकंच होतं, तर इतके दिवस काय अंडी उबवत होतास?" असे चौथ्या मजल्यावरच्या झेनॉनने जिन्यात उभे राहून विचारले. लुद्विक वळून जिना उतरला. पावती मिळाली, असे मनाशी म्हणाला.

पण सही केली म्हणून जबाबदारी संपते काय? सही केली की तिथून जबाबदारी लागते. त्याने मोठ्या कागदावर वेळापत्रक आखले. चोवीस तारखेचे, वीस-वीस मिनिटांचे, चार-चार घरांचे. मग तो दारोदार फिरला. जोगवा मागणाऱ्यालाही पसाभर पीठ मिळते. लुद्विकला काय मिळाले, ते ऐका.

"तीन वाजता?" दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली. "आमच्याकडे माणसं चार. वीस मिनिटांत आमचे हे फक्त दाढीच भिजवतात."

"मेंढरांसारखी रांग लावून धुवा सगळ्यांना," आतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. "मिस्त्रींचा हुकूम आहे!"

झेनॉनने तर दारच पुरते उघडले नाही. "रेशनच्या काळात साखरेला रांग लावली, चपलांना रांग लावली. आता साबणाला रांग? श्पाक, तुला ते रेशनवालं सरकार गेलेलं कळलं नाही वाटतं!"

"झेनॉन, फ्यूज जाईल."

"जाईल तर बसव. पगार कसला घेतोस?"

शेवटी त्याने कागद तळमजल्यावरच्या फलकावर टाचला. दुसऱ्या दिवशी त्यावर कोणीतरी टॉवेल गुंडाळलेला कार्प काढून ठेवला होता. चित्र चांगले होते. रेगिना हसली. लुद्विकला हसू आले नाही, कारण त्या टॉवेलवाल्या माशाला त्याच्यासारख्याच मिशा होत्या.

चोवीस तारीख उजाडली. पंधरा टबांतून पंधरा मासे निघाले. जिनाभर बीटाच्या सुपाचा आंबट वास, खसखशीच्या केकचा गोड वास आणि टब घासायच्या पावडरीचा नाक झोंबणारा वास एकत्र नांदू लागले. उपाशी पोटी लुद्विक दीड वाजताच पेटीपाशी जाऊन उभा राहिला. हातात तारेतला प्रवाह मोजायचा चिमटा, डोळे आकड्यावर. लेओकादियाबाई खुर्चीत बसून त्याच्याकडे पाहत होत्या.

दोन वाजता चाळीस अँपिअर. सव्वादोनला पंचाऐंशी. शंभर अँपिअर, म्हणजे तेच एकोणसत्तर किलोवॅट, पेलणाऱ्या फ्यूजला पंचाऐंशी म्हणजे बरे. "बघा, पाळतात लोक," असे तो म्हणाला, आणि म्हणताच आकडा एकशे तीसवर गेला. मग एकशे ऐंशी. मग दोनशे वीस.

"कोण आहे रे तो! नळ बंद करा!" तो ओरडत वर पळाला. पहिला मजला, दुसरा मजला, दारांवर मुठी. पण नळाखाली बसलेल्या माणसाला काय ऐकू येते? फ्यूज हा मोठा सोशीक जीव. दुप्पट ओझे आले तरी तो लगेच मरत नाही. काही मिनिटे तापतो, सोसतो, मालकाला सवड देतो. आणि मग इतरांना जाळू न देता आपण एकटा जळून जातो. लुद्विक तिसऱ्या मजल्यावर असताना तळमजल्यातून ठप्प असा दबका आवाज आला. जिन्यातला दिवा गेला. गिझरांची गुणगुण थांबली.

आणि मग दहा न्हाणीघरांतून एकच किंकाळी. पाणी गार झाले होते.

लुद्विक खाली पेटीपाशी धावला. दारे उघडली. कोणी चादरीत, कोणी कोटात. चौथ्या मजल्यावरून झेनॉन उतरला, डोक्यावर साबणाचा फेस, एक डोळा मिटलेला.

"श्पाक! काय केलंस हे? दीड तासात तारा निघेल!"

"मी केलं?" लुद्विकचा आवाज फाटला. इतके दिवस दाबलेले सगळे वर आले. "मी लिहून दिलं, मी सांगून दमलो, मी कागद लावला, त्याच्यावर मासे काढलेत तुम्ही! चार म्हणालो होतो, चार! आणि नळ उघडले दहा! एकानं तरी, एका घरानं तरी माझं ऐकलं?"

"मी ऐकलं," दारातून लेओकादियाबाई म्हणाल्या. "माझी वेळ दोन चाळीसची होती. मी बसूनच आहे."



"आणि तुझा कागद मी रोज वाचते. पाय भाजल्यापासून दुसरा उद्योग नाही मला. त्यात चौदाच नावं आहेत, लुद्विक."

"पंधरा घरं आहेत, बाई."

"घरं पंधरा आहेत. नावं चौदा. तुझं घर कुठंय रे?"

लुद्विकने वर पाहिले. पहिल्या मजल्याच्या कठड्याशी रेगिना उभी होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"मला वेळ दिलीच नव्हतीस तू," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, आपण मोकळे आहोत."

लुद्विकने सात वेळा हिशोब मांडला होता, आणि सातही वेळा पंधरा आकडा धरला होता. पण नियम लिहायला बसला, तेव्हा नियम करणाऱ्याचे घर नियमाबाहेर राहिले. त्याला कोणावर तरी ओरडायचे होते आणि ओरडायला आता कोणीच उरले नव्हते. खिशातून पेन्सिल काढून, फलकापाशी जाऊन, त्याने कागदाच्या तळाशी आपले नाव लिहिले. माशाच्या शेपटीशीच जागा होती.

मग पेटी उघडली. केबलवर तळहात ठेवला; ज्वर आलेल्या लेकराच्या कपाळासारखी ती कढत होती, पण शाबूत होती. फ्यूज तिन्ही गेले होते. नवे तीन त्याने नोव्हेंबरातच आणून तळघरात ठेवले होते. तिथवर जाऊन येईतो केबल निवली. फ्यूज बसवून त्याने जिन्याच्या पोकळीत मान वर केली.

"भट्ट्या बंद! मी नाव घेईन तीच चार घरं. बाकीच्यांनी नळाला हात लावला तर दुसरे फ्यूज माझ्याकडे नाहीत, आणि आज दुकान उघडं नाही. लेओकादियाबाई पहिल्या!"

"आणि मी?" झेनॉनने विचारले. "डोळा जळतोय माझा."

"तू शेवटच्या पाळीत. इथं उभा राहा आणि नावं वर ओरड. आवाज आहेच तुला."

आणि खरेच, फेस वाळत चाललेला झेनॉन जिन्याच्या मध्यावर उभा राहून देवळातल्या चोपदारासारखी नावे पुकारू लागला. वर नळ उघडत, आकडा नव्वदपाशी थरथरे, वीस मिनिटे होत, दुसरी चार नावे जात. मध्येच आकडा एकशे दहा झाला. "वर कुणीतरी केक भाजतंय!" असे लुद्विक गरजला, आणि झेनॉन त्याहून मोठ्याने गरजला, "केक गेला खड्ड्यात! माझ्या डोक्याचा विचार करा!" कोणी हसले, कोणी शिवी दिली. पण आकडा उतरला.

चार वाजून दहा मिनिटांनी शेवटच्या पाळीतला झेनॉन डोके धुऊन मोकळा झाला. वरून रेगिनाची हाक आली, "लुद्विक, तारा!" दारे मिटली, भांड्यांचे आवाज आले, आणि जिन्यात एकटा लुद्विक उरला. पारोसा. हात कोपरापर्यंत काळे. शेवटच्या पाळीत त्याचे घरही होते, पण आकड्यापासून हलायची त्याची छाती झाली नव्हती. आता नळ मोकळा होता आणि वेळ सरली होती. पंधराव्या घराचा कर्ता तेवढा न्हायचा राहिला होता.

लेओकादियाबाई लंगडत बाहेर आल्या. दोन्ही हातांत तेच पातेले, यावेळी अर्धेच भरलेले, वाफाळणारे. खांद्यावर टॉवेल, खिशात साबणाची वडी.

"हात पुढं कर. असले काळे हात घेऊन ताटावर बसणार आहेस?"

"बाई, तुमचा पाय..."

"नळाचं पाणी आहे. उकळतं नाही. कर पुढं."

त्याने जिन्यातच हात धुतले. पाणी काळे झाले. मग बाईंनी दुसऱ्या खिशातून सणाचा, पिठाचा, कागदासारखा पातळ पांढरा पापुद्रा काढला. या रात्री जेवणाआधी तो एकमेकांसाठी मोडायचा आणि भले चिंतायचे. त्याने एक कोपरा मोडला, त्यांनी एक मोडला.

"तुला पुढल्या वर्षी जाड केबल मिळो," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला दोन चाळीसची वेळ दोन चाळीसलाच मिळो," तो म्हणाला. आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्याच्या मिशा हलल्या.

जानेवारीत सोसायटीचे पत्र आले. रहिवाशांनी एकाच वेळी अवाजवी वापर केल्यामुळे वीज खंडित झाली. तक्त्याप्रमाणे केबल पुरेशी आहे. बदलण्याचा विचार पुढील आराखड्यात होईल. खाली ओल्गिएर्दने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती: 'मिस्त्री, मी माशाचा रकाना मागितला होता. मिळाला नाही.' लुद्विकने पत्र दोनदा वाचले, घडी घातली आणि जळालेल्या तीन फ्यूजांसोबत खणात ठेवले. मग शिसपेन्सिल तासली आणि येत्या चोवीस तारखेचे वेळापत्रक जानेवारीतच आखायला घेतले. पहिल्या ओळीत नाव लिहिले: श्पाक.

हे परमेश्वरा, ज्याने तुझी मर्यादा तारेत ओळखली आणि मग स्वतःतही ओळखली, त्या लुद्विकला तू सांभाळ. त्याच्या रेगिनाचे केस भर हिवाळ्यात ऊन पाण्याने धुतले जावोत. त्याच्या जिन्यातल्या म्हातारीच्या हातून पुन्हा पातेले न निसटो. त्याची केबल निवलेली राहो, फ्यूज अखंड राहोत, आणि पहिला तारा उगवेल तेव्हा पंधराव्या घराचा कर्ताही न्हाऊन, कोरा सदरा घालून, आपल्या माणसांत ताटावर बसलेला असो.